यंत्राचा पूर्वेतिहास, तीन प्रतींत

दिगंबरराव अष्टपुत्रे यांना लोक भित्रे म्हणत. ते त्यांना मान्य नव्हतं. आपण सावध आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला जिन्यावरून तीनदा परत येणारा माणूस भित्रा कसा? पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यावर ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकायला पेटीला कान लावणारा माणूस भित्रा कसा? तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून ज्याच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नाही, तो सावधच म्हणायचा. अशा सावध माणसाच्या घरात चौऱ्याण्णव साली, गणपतीनंतरच्या आठवड्यात एक टीव्ही गेम शिरला आणि पुढचे सहा महिने त्यांची झोप उडाली.

गेम पाठवला होता सुदर्शननं. सुदर्शन म्हणजे नीरजाबाईंचा धाकटा भाऊ, शारजाला असतो. भाच्यासाठी पाठवला होता. आता भाचा, म्हणजे केयूर, चांगला बावीस वर्षांचा होऊन जूनमध्येच बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. आडनाव अष्टपुत्रे असलं तरी पुत्र एकच, तोही बंगळूरला गेलेला. पण मामा लोकांच्या हिशेबी भाचे मोठे होत नाहीत. सुदर्शनच्या लेखी केयूर अजून सातवीतच होता.

सुदर्शनचा एक मित्र मुंबईला उतरून एसटीनं सोलापूरला चालला होता. त्यानं स्वारगेटला खिडकीतून एक भलंमोठं खोकं दिगंबररावांच्या छातीवर ठेवलं, "नीट न्या हां काका," एवढं म्हटलं आणि गाडी निघून गेली. त्याच क्षणी स्टँडवरचा कर्णा बोलला, "प्रवाशांना विनंती आहे की कोणत्याही अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नये." दिगंबररावांनी त्या मित्राला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, तेही दाराएवढं नव्हे, खिडकीएवढं. खोकं खाली ठेवावं तर ते बेवारस वस्तू होणार, हातात धरावं तर आपण संशयित होणार. शेवटी त्यांनी खोक्यावर स्वतःची छत्री उघडून धरली आणि रिक्षात बसून नारायण पेठेपर्यंत देवाचं नाव घेतलं. पाऊस नव्हता. रिक्षावाल्यानं दोनदा आरशात पाहिलं, तेव्हा दिगंबररावांनी त्याचा नंबर लिहून घेतला.

घरी नीरजाबाईंनी खोकं उघडलं. आत एक लाल-पांढरं यंत्र, त्याला वायरीनं बांधलेले दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि एक नारिंगी प्लास्टिकची बंदूक. कॅसेटवर लिहिलं होतं, ९९९९ खेळ.

"बंदूक कशाला?" दिगंबररावांनी दोन पावलं मागे सरून विचारलं.

"पडद्यावरची बदकं मारायला," नीरजाबाई पुस्तिकेतली चित्रं बघत म्हणाल्या. त्या पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. कुठली वायर कुठे जाते हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. टीव्हीवर खरखर झाली, मग टिणटिण असं संगीत वाजू लागलं आणि एक बुटका रणगाडा विटांच्या भिंती फोडत सुटला. रणगाडा उडाला तशा नीरजाबाई खळखळून हसल्या. केयूर गेल्यापासून त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. दिगंबररावांनाही बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या कांताबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि टीव्हीकडे बघून हबकल्या. "अगंबाई, गेम लावता? टीव्हीची ट्यूब जाते हो. आमच्या जावेच्या घरची गेली. पडद्यावर कायमचं एक बदक राहिलं. बातम्या वाचणाऱ्या बाईच्या डोक्यावर बसलेलं दिसतं." साखर घेऊन त्या गेल्या. बदक मात्र दिगंबररावांच्या डोक्यात राहिलं. त्या रात्रीपासून ते बातम्या लागल्या की आधी निवेदिकेच्या डोक्यावर बघायचे.

पण खरी भीती समोरच्या दारातून आली. समोर राहणारे वैजनाथराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि इमारतीतल्या प्रत्येकाला फुकट सल्ला देणं हे त्यांनी पेन्शनीसोबत सुरू ठेवलेलं काम होतं.

"कळवलंत का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"ऑफिसला. परदेशी भेट आहे ना? वर्तणूक नियम वाचले असतील आपण. तेहतीस वर्षं झाली म्हणे नोकरीला."

"अहो, पण ते खेळणं आहे."

"ते तुम्ही म्हणता. चौकशी अधिकारी काय म्हणेल?"

दिगंबररावांना घाम फुटला. कारण या साध्या प्रश्नामागे त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी मार्चअखेर बढतीची यादी निघणार होती आणि त्या यादीत मुख्य लिपिकाचे अधीक्षक होणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं होतं. दोन महिने का होईना, पण अधीक्षक. दारावर लावायच्या पाटीचा मजकूरही त्यांनी मनात घोळवून ठेवला होता. मात्र ज्याच्यावर एखादं प्रकरण प्रलंबित असेल, त्याचं नाव यादीत येत नसे.

"स्वतःहून कळवलं की प्रकरण होत नसतं," वैजनाथराव म्हणाले. "लपवलं की होतं."

दिगंबररावांनी चार वेळा कच्चा मसुदा करून अर्ज लिहिला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या कचेरीत कुणाच्या घरी बँकॉकचा टेपरेकॉर्डर होता, कुणाच्या घरी सिंगापूरचा मिक्सर होता, एका साहेबांकडे तर परदेशी कुत्रा होता. पण त्यातलं काही कुणी कधी कळवलं नव्हतं. त्यामुळे दिगंबररावांचा अर्ज आला तेव्हा तो कुठल्या फायलीत लावायचा हेच कुणाला कळेना. शेवटी त्याच्यासाठी नवी फाईल उघडली गेली आणि फाईल उघडली म्हणजे त्यात काहीतरी घालावं लागतंच.

सहा आठवड्यांनी पहिलं पत्र आलं. त्यांच्याच कचेरीतून, त्यांच्याच टेबलावर, मधल्या दोन टेबलांना वळसा घालून. अर्जात दिगंबररावांनी प्रामाणिकपणे 'प्लास्टिकची बंदूक, नग एक' असं लिहिलं होतं. पत्रात विचारलं होतं की, प्लास्टिकची शस्त्रं विमानतळावरच्या यंत्रांत सापडत नाहीत असं वाचनात आलं आहे, तरी सदर बंदूक जाणीवपूर्वक प्लास्टिकची का घेतली, याचा खुलासा करावा.

दिगंबररावांनी खुलासा केला. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या तळहातावर रोखली आणि वैजनाथरावांना साक्षीदार म्हणून उभं केलं. घोडा दाबताना त्यांनी डोळे मिटले. 'टक' असा आवाज झाला. वैजनाथरावांनी सही केली, पण खाली "माझ्या समक्ष एकदाच दाबली" असं लिहायला ते विसरले नाहीत.

यावर दुसरं पत्र आलं ते जरा लांब होतं. त्यातली शेवटची ओळ अशी होती: 'सदर यंत्राचा संपूर्ण पूर्वेतिहास तीन प्रतींत सादर करावा.'

माणसाचा पूर्वेतिहास पोलिसांत मिळतो, जमिनीचा तलाठ्याकडे मिळतो. टीव्ही गेमचा कुठे मिळणार? दिगंबरराव बुधवार पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले.

"काय हवंय?" दुकानदारानं वर न बघता विचारलं.

"इतिहास हवाय. टीव्ही गेमचा."

"इतिहास इतिहास संशोधक मंडळात. इथे सेल मिळतात."

दिगंबररावांनी डझनभर पेन्सिल सेल घेतले, तेव्हा दुकानदारानं वर पाहिलं. मग मात्र तो बोलत सुटला. मूळ यंत्र जपानचं, त्र्याऐंशी सालचं. ती कंपनी पूर्वी खेळायचे पत्ते छापायची. यंत्र घरोघरी गेलं तशी तैवानवाल्यांनी त्याची नक्कल केली, ती बघून चीनवाल्यांनी केली. जपानी खेळाची कॅसेट आपल्याकडच्या यंत्रात चालते, पण यंत्र मात्र जपानी नाही. "तुमच्याकडचं जपानचं म्हणून दिलं असेल तर ते जपानला ओझरतं बघून आलेलं असेल," तो म्हणाला. "पण चालतं ना? मग झालं."

दिगंबररावांचं तेवढ्यावर कसं होणार? त्यांनी रात्री जागून नव्हे, दोन रविवार घालवून इतिहास लिहिला. तो असा: 'सदर यंत्राचा उगम सन १९८३ चे सुमारास जपान देशी झाला असे समजते. मूळ उत्पादक पूर्वी पत्ते छापीत असत असेही समजते. तदनंतर तैवान येथे नक्कल झाली व त्या नकलेवरून चीन येथे नक्कल झाली. अर्जदाराकडील यंत्राच्या झाकणावर जपान, बुडाशी तैवान व कॅसेटवर चीन असे छापलेले आहे. अर्जदाराचा या तिन्ही देशांशी पत्रव्यवहार नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना जरा धीर आला.

तो पंधरा दिवस टिकला. डिसेंबरात तिसरं पत्र आलं. 'मूळ उत्पादक पत्त्यांच्या धंद्यात असल्याचे आपणच नमूद केले आहे. सबब यंत्र जुगाराचे साधन नाही याची खात्री होण्यासाठी त्यातील सर्व ९९९९ खेळांची यादी, प्रत्येकी एका ओळीच्या वर्णनासह, जोडावी.'

"मी मेलो," दिगंबरराव खुर्चीत बसत म्हणाले.

"मरताय कशाला? लिहायला वही आणा," नीरजाबाई म्हणाल्या.

मग रोज दिगंबरराव कचेरीतून आल्यावर, सहा ते आठ, नवरा-बायको टीव्हीसमोर बसू लागले. नीरजाबाई खेळायच्या, दिगंबरराव लिहायचे. 'क्रमांक ११. रणगाड्याने भिंत पाडणे. क्रमांक १२. माकडाने शिडी चढणे. क्रमांक १३. बदकांस मारणे.' बदकांपाशी त्यांचं पेन थबकलं. पशुपक्ष्यांवर दया दाखवणाऱ्या संस्थेकडून काही उपद्रव होईल का, या शंकेनं त्यांनी ते 'बदकांस उडविणे' असं केलं. खालून कांताबाई रोज ओरडून विचारायच्या, "गेली का ट्यूब?" आणि दिगंबरराव गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात "अजून नाही!" म्हणायचे.

बाहत्तर खेळ झाल्यावर त्र्याहत्तरावा पुन्हा रणगाडा निघाला. फक्त भिंतींचा रंग वेगळा. चौऱ्याहत्तरावा माकड. नीरजाबाईंनी भराभर पुढे जाऊन पाहिलं, शेकड्यांत पाहिलं, हजारांत पाहिलं.

"अहो, खेळ बाहत्तरच आहेत. तेच तेच परत येतंय. तुमच्या ऑफिसातल्यासारखं."

दिगंबरराव पांढरेफटक पडले. मूळ अर्जात त्यांनी सहीनिशी ९९९९ लिहिलं होतं. म्हणजे नऊ हजार नऊशे सत्तावीस खेळांबाबत शासनाची दिशाभूल. त्यांनी त्याच आठवड्यात शुद्धिपत्रक दिलं. त्यामुळे फाईल आणखी जाड झाली आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायला शिपाई दोन्ही हात लावू लागला.

फेब्रुवारीत यादीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा दिगंबररावांचा धीर सुटला. एका दुपारी त्यांनी यंत्र खोक्यात भरलं, सुतळीनं बांधलं आणि पायात चपला सरकवल्या. लकडी पुलावरून मुठा नदीत टाकून यायचं, एवढं सोपं होतं.

नीरजाबाई दारात उभ्या राहिल्या. अडवलं नाही त्यांनी. त्या म्हणाल्या, "केयूर गेल्यापासून चार ते सहा मला घर खायला उठायचं. त्याची कॉलेजातून यायची वेळ. जिन्यात पाऊल वाजलं की मी चहाचं आधण ठेवायची आणि मग आठवायचं. हे आल्यापासून चारला हे लावून बसते, नाही तसं होत. पण तुमची बढती आहे. तेहतीस वर्षांची आहे. न्या हवं तर."

एवढं बोलून त्या आत गेल्या. दिगंबरराव खोकं घेऊन जिन्यावर उभे राहिले. वैजनाथरावांचं दार उघडंच होतं. "नदीत?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं. "चौकशी चालू असताना? पुरावा नष्ट करणं म्हणतात त्याला." दिगंबरराव परत आत आले. आपण बायकोसाठी परत आलो की वैजनाथरावांच्या भीतीनं, हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं आणि त्याची त्यांना मनातून लाज वाटली.

मार्चमध्ये चौथं पत्र आलं. उपसंचालक श्रीमती सुनीती गरुड स्वतः घरी येऊन यंत्राची प्रत्यक्ष पाहणी करणार होत्या. मॅडम नव्या बदलून आलेल्या. कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर समोरच्याला आपलं बोलणं थांबवावंसं वाटावं अशा. पाहणीचा दिवस ठरला गुरुवार, वेळ दुपारी दोन. यादी सोमवारी लागणार होती.

दिगंबररावांनी बुधवारी घर झाडून घेतलं, यंत्र ओल्या फडक्यानं पुसलं आणि मग ओल्या फडक्यानं पुसल्याबद्दल स्वतःला शिव्या देत ते दोन तास पंख्याखाली वाळवलं. ९९९९ आणि बाहत्तर या दोन्ही आकड्यांबद्दल काय बोलायचं ते पाठ केलं. एवढं सगळं केलं, पण गुरुवारी दुरुस्तीसाठी पेठेत सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत वीज नसते, ही पुण्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट भीतीच्या भरात त्यांच्या ध्यानात आली नाही. मॅडमही नागपूरहून आलेल्या, त्यांना ती ठाऊक नव्हती.

बरोबर दोन वाजता मॅडम आल्या. पोह्यांना नको म्हणाल्या, पाणी घेतलं. फाईल मांडीवर ठेवली.

"लावा."

दिगंबररावांनी टीव्हीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. यंत्राचं दाबलं. पडद्यावर काही उमटेना. पंखाही फिरत नाही हे त्यांना तेव्हा दिसलं.

"मॅडम, ते, म्हणजे," म्हणत ते पुन्हा टीव्हीचं बटण दाबू लागले.

सुनीती मॅडमनी पंख्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मॅडमचा आवाज अनपेक्षितपणे खाली आला. "अष्टपुत्रे, मी ही फाईल अख्खी वाचली. माझी एक सुट्टी गेली त्यात. आता नीट ऐका. मी लिहिते, 'पाहणीच्या वेळी यंत्र बंद आढळले.' यात खोटं काही नाही. बंद वस्तू म्हणजे नादुरुस्त वस्तू. नादुरुस्त वस्तू भेट म्हणून धरत नाहीत. ती कचेरीच्या भांडारात भंगार म्हणून जमा करायची आणि प्रकरण आजच संपलं. सोमवारी यादी आहे. तुमचं नाव पहिलं आहे."

दिगंबररावांच्या छातीवरचा डोंगर उतरला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. मान डोलवायची, की संपलं. ते मान डोलवणारच होते.

तेवढ्यात नीरजाबाई पुढे आल्या. त्या टीव्हीसमोर खाली बसल्या आणि यंत्राच्या वायरी काढू लागल्या. दोन्ही रिमोटच्या वायरी त्यांनी नीट गुंडाळल्या. पदरानं कॅसेट पुसली. बंदूक ठेवली. केयूरला बंगळूरला पोचवायच्या आदल्या दिवशी त्याची बॅग त्यांनी अशीच भरली होती, एकेक कपडा हातानं सपाट करत. दिगंबरराव त्या वेळी दुसऱ्या खोलीत रेल्वेचं तिकीट तपासत बसले होते.

"मॅडम," दिगंबररावांना आपलाच आवाज परका वाटला, "ते चालतं."

मॅडमचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"चालतं ते. उत्तम चालतं. गुरुवार आहे म्हणून वीज नाही. पाचला येते. आपण थांबलात तर दाखवतो."

"अष्टपुत्रे, मी पाचपर्यंत थांबू शकत नाही. 'चालू स्थितीत' लिहिलं तर प्रकरण उघडं राहणार. पुढची पाहणी एप्रिलात. तोवर यादी निघून गेलेली असेल आणि मेमध्ये तुम्ही निवृत्त. कळतंय ना काय होतंय?"

"हो मॅडम."

"घाबरलाय तुम्ही. विचार करून सांगा."

"घाबरलोच आहे मॅडम. पण चालतं ते."

नीरजाबाईंचे हात वायरीवर थांबले होते. त्या वर बघत नव्हत्या. सुनीती मॅडमनी क्षणभर दोघांकडे पाहिलं, 'चालू स्थितीत' असं लिहिलं, सही केली आणि उठल्या. दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "पोहे द्या पुडीत बांधून. गाडीत खाईन."

सोमवारी यादी लागली. त्यात सतरा नावं होती. दिगंबररावांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली आणि साडेपाचला नेहमीसारखे घरी आले. जिन्यात वैजनाथरावांचं दार उघडंच होतं. "मी म्हटलं नव्हतं कळवू नका?" ते म्हणाले. दिगंबररावांनी उत्तर दिलं नाही. तेहतीस वर्षांत कुणाला उत्तर न देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

घरात टिणटिण संगीत चालू होतं. नीरजाबाईंनी मागे वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हात रिकामा नव्हता. त्या जरा बाजूला सरकल्या आणि दुसरा रिमोट त्यांनी सतरंजीवर पुढे ढकलला.

"शॉक बसतो का?" दिगंबररावांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी टोपी काढून ठेवली, सतरंजीवर मांडी घातली आणि रिमोट दोन बोटांनी उचलला. पडद्यावर पिवळा रणगाडा नीरजाबाईंचा होता, हिरवा त्यांचा. हिरवा रणगाडा पुढे जाऊन एका भिंतीला धडकला, मागे फिरला, पुन्हा तिथेच धडकला आणि कुठूनशी गोळी येऊन त्याचा स्फोट झाला.

"मेलो का मी?"

"मेलात," नीरजाबाई म्हणाल्या. "पण तुमचे अजून दोन आहेत."

हिरवा रणगाडा परत पडद्याच्या तळाशी येऊन उभा राहिला. दिगंबररावांनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला.